नाव, रूप आणि अपेक्षाभंग

महागडी घड्याळे बनवणारी एखादी जुनी कंपनी आपल्या घड्याळांचे रूप बदलते, तेव्हा तिच्या जुन्या चाहत्यांचा अपेक्षाभंग होतो. वरवर पाहता हा चैनीच्या वस्तूंबद्दलच्या आवडीनिवडीचा प्रश्न आहे. पण त्याच्या पोटात तत्त्वज्ञानाचे तीन जुने प्रश्न आहेत. रूप बदलल्यावर वस्तू तीच राहते का? वस्तूच्या रूपावर अधिकार कोणाचा, घडवणाऱ्याचा की जपणाऱ्याचा? आणि या बदलाचे दुःख रास्त मानायचे, की आसक्तीचे फळ म्हणून सोडून द्यायचे? भारतीय परंपरेने या प्रश्नांचा विचार रथ, मूर्ती, मंदिर आणि यज्ञद्रव्य यांच्या संदर्भात केला आहे. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात त्या विचाराच्या दगडी खुणा आहेत, आणि तो ताडून पाहता येईल असे घड्याळाचे प्रकरणही येथील जुन्या घरांना परिचयाचे आहे.

घड्याळ घरात कसे आले

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातील पहिली प्रवासी आगगाडी ठाण्याला आली. पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. तोवर या भागातील दिवस सूर्य, देवळातील घंटा आणि मशिदीतील बांग यांवर चालत असे. आगगाडीने त्याला मिनिटांचे माप दिले. पुढे मुंबईच्या कचेऱ्या, गिरण्या आणि बँकांत नोकरी करणारा वर्ग ठाणे, डोंबिवली आणि कल्याणात स्थिरावला, तेव्हा मनगटावरचे घड्याळ ही त्याची रोजची गरज झाली. आठ तेराची लोकल आठ चौदाला मिळत नाही, हे या वर्गाचे रोजचे ज्ञान होते.

गरजेच्या या वस्तूला लवकरच संस्काराचे स्थान मिळाले. मुलगा मॅट्रिक झाला की वडिलांनी घड्याळ द्यायचे, लग्नात सासऱ्याने जावयाला घड्याळ घालायचे, सेवानिवृत्तीच्या निरोप समारंभात शाल-श्रीफळाबरोबर घड्याळ द्यायचे, असे प्रघात पडले. वडिलांच्या पश्चात घड्याळ मुलाकडे जाई. खंडेनवमीला हत्यारे आणि यंत्रे पूजेला मांडण्याची रीत येथे आहेच. घड्याळ दुरुस्त करणारेही त्या दिवशी आपली अवजारे पुजतात. जीवनातील टप्प्यांशी जोडलेली वस्तू निव्वळ उपकरण राहत नाही, आणि म्हणूनच तिच्या रूपातील बदल मनाला लागतो.

एका नावाचा प्रवास

या पट्ट्यातील जुन्या पिढीला माहीत असलेल्या स्विस नावांपैकी एक म्हणजे फेवर-ल्युबा. स्वित्झर्लंडमधील ल लोक्ल या गावी १७३७ मध्ये अब्राहम फेवर या कारागिराची घड्याळजी म्हणून नोंद झाली आणि कंपनी आपला आरंभ तेथून मोजते. फेवर आणि ल्युबा ही घराणी पुढे एकत्र आली. १८६५ मध्ये फ्रिट्झ फेवर हिंदुस्थानात आला आणि कंपनीने मुंबईत बस्तान बसवले. त्यामुळे हे नाव मुंबई आणि तिच्या आसपासच्या गावांत परके राहिले नाही. ‘सी चीफ’, ‘सी किंग’, ‘सी रेडर’ ही तिची चावीची घड्याळे दिसायला साधी होती: गोल, पातळ केस, स्वच्छ तबकडी, सडपातळ काटे. केसचा व्यास साधारण ३३ ते ३६ मिलिमीटर असे. आयात निर्बंधांच्या काळात असे घड्याळ मिळवणे हेच प्रतिष्ठेचे होते. कंपनीने धाडसी प्रयोगही केले. १९६२ मध्ये तिने हवेचा दाब आणि उंची दाखवणारे ‘बिव्हूॲक’ हे मनगटी घड्याळ काढले, तर १९६८ मध्ये पाण्याची खोली मोजणारे ‘बॅथी’. पण भारतीय घरांत जे पोहोचले आणि टिकले, ते पातळ, साधे घड्याळ.

१९७० नंतर क्वार्ट्झच्या स्वस्त आणि अचूक घड्याळांनी स्विस उद्योग हादरला. फेवर-ल्युबाही त्यात सापडली. संस्थापक घराण्याच्या हातून कंपनी गेली आणि नाव एका मालकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहिले. २०११ मध्ये भारताच्या टायटन कंपनीने ते सुमारे २० लाख युरोंना विकत घेतले. एका युरोपीय नावाला भारतीय मालक मिळाला, तोही ज्या देशात त्या नावाच्या आठवणी सर्वांत दाट आहेत त्या देशातला. त्यामुळे ‘सी चीफ’सारखे घड्याळ पुन्हा पाहायला मिळेल, असे जुन्या चाहत्यांना वाटणे स्वाभाविक होते.

प्रत्यक्षात टायटनने दिशा वेगळी धरली. २०१६ पासून आलेली घड्याळे साहसी खेळांच्या ग्राहकाला समोर ठेवून घडवलेली होती. ‘रेडर हार्पून’ ४६ मिलिमीटरचे होते. ९,००० मीटरपर्यंतची उंची दाखवणारे, २०१७ मधले ‘रेडर बिव्हूॲक ९०००’ तर ४८ मिलिमीटरचे. यंत्ररचना कौतुकास्पद होती, पण रूप कोनदार, जाड आणि भारदस्त होते. वडिलांच्या मनगटावरच्या घड्याळाची ओळख त्यात पटत नव्हती. हा प्रयोग बाजारात रुजला नाही. २०२३ मध्ये एथॉस या भारतीय घड्याळविक्री कंपनीच्या स्विस उपकंपनीने हे नाव घेतले, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये जिनिव्हा येथे ‘चीफ’, ‘सी स्काय’ आणि ‘डीप ब्लू’ ही जुनी नावे नव्या घड्याळांवर परत आली. यांचे माप ४० मिलिमीटरच्या आसपास आहे आणि रूप जुन्याच्या जवळ जाते.

म्हणजे एकाच नावाखाली तीन रूपे झाली: घराण्याच्या काळातले, टायटनच्या काळातले आणि आजचे. अपेक्षाभंग मधल्या रूपाचा आहे. तो तपासण्यासाठी तत्त्वज्ञानाची चौकट उपयोगी पडते.

अपेक्षाभंग आणि आसक्ती

पहिले उत्तर दुःखाच्या मुळाकडे बोट दाखवते. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील ६२ व ६३ या श्लोकांत मनाच्या घसरणीची साखळी सांगितली आहे. विषयाचे सतत चिंतन केल्याने संग जडतो, संगातून इच्छा, इच्छेला अडथळा झाला की क्रोध, क्रोधातून संमोह, मग स्मृतीचा गोंधळ आणि शेवटी बुद्धीचा नाश. घड्याळाच्या चाहत्याचा संताप या साखळीत सहज बसतो. विशेष लक्षात घेण्याजोगा आहे तो स्मृतीच्या गोंधळाचा टप्पा. चाहता ज्या जुन्या रूपाची आठवण काढतो, ते बरेचदा निवडलेले असते. १९६२ च्या ‘बिव्हूॲक’चे रूप त्याच्या काळात मुळीच पारंपरिक नव्हते, हे तो विसरतो. साधेपणा हीच कंपनीची एकमेव परंपरा होती, असे त्याची आठवण त्याला सांगते.

जैन विचार याहून नेमका आहे. ठाण्यातील टेंभी नाक्यावर मुनिसुव्रत स्वामींचे प्रसिद्ध मंदिर आहे. ‘कोकण शत्रुंजय’ म्हणून ओळखले जाणारे हे स्थान श्रीपाल राजा आणि मयणासुंदरी यांच्या कथेशी जोडले जाते. जैन श्रावकाच्या अणुव्रतांत परिग्रहाला मर्यादा घालण्याचे व्रत आहे: किती वस्तू बाळगायच्या, हे गृहस्थाने स्वतः ठरवायचे. तत्त्वार्थसूत्रात उमास्वातींनी परिग्रहाची व्याख्या वस्तूच्या आधारे केलेली नाही, वस्तूबद्दलच्या मूर्च्छेच्या, म्हणजे आसक्तीच्या, आधारे केली आहे. या व्याख्येप्रमाणे एकच घड्याळ असलेला माणूसही परिग्रही असू शकतो, आणि जे घड्याळ आपण विकत घेणारच नव्हतो त्याच्या रूपावरून झोप उडवून घेणारा तर निश्चितच असतो. अपेक्षाभंगाला मालकीची गरज नसते, हे या प्रकरणात उघड दिसते. कित्येक लाखांच्या घड्याळांच्या नव्या रूपावर टीका करणाऱ्या बहुतेकांकडे ती घड्याळे नसतात आणि येण्याची शक्यताही नसते.

ही दोन्ही उत्तरे दुःख भोगणाऱ्याला उपयोगी आहेत. पण ती घडवणाऱ्याबद्दल काही बोलत नाहीत. चाहत्याची आसक्ती सिद्ध झाली म्हणून कंपनीचा निर्णय योग्य ठरत नाही. आसक्त माणसाची तक्रारही खरी असू शकते. म्हणून वस्तूच्या एकपणाचा प्रश्न वेगळा हाताळावा लागतो.

तेच की वेगळे

कल्याण हे प्राचीन बंदर. पेरिप्लस या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचा उल्लेख आहे, आणि कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनी आणि कारागिरांनी दिलेल्या दानांच्या नोंदी आहेत. वस्तू घडवणारे आणि विकणारे हे लोक ज्या धर्माला दान देत होते, त्या धर्माने वस्तूच्या एकपणावर अत्यंत कसून विचार केला होता. मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा मिनँडर, म्हणजे मिलिंद, आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद आहे. नागसेन राजाला विचारतो, की तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे काय? चाके रथ नव्हेत, आस रथ नव्हे, जू रथ नव्हे, आणि या भागांवाचून रथ नावाची निराळी वस्तूही सापडत नाही. भागांच्या विशिष्ट जुळणीला व्यवहारासाठी दिलेले नाव म्हणजे रथ.

जुन्या घड्याळांच्या बाजारात हा संवाद आजही जिवंत आहे. मुंबईत फिरणाऱ्या कितीतरी जुन्या फेवर-ल्युबा घड्याळांच्या तबकड्या नव्याने रंगवलेल्या असतात, काटे दुसऱ्या घड्याळाचे असतात, मशीन एका घड्याळाचे तर केस दुसऱ्याची असते. परदेशातील संग्राहक अशा घड्याळांकडे संशयाने पाहतात. नागसेनाचा प्रश्न त्यांना अडचणीत टाकणारा आहे: तबकडी फेवर-ल्युबा आहे का? मशीन आहे का? पाठीमागच्या झाकणावरचा शिक्का आहे का?

पण नागसेनाचे उत्तर इथे संपत नाही. त्याच ग्रंथात रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दृष्टांत येतो. पहिल्या प्रहरीची ज्योत आणि शेवटच्या प्रहरीची ज्योत एकच का? एक नव्हे आणि वेगळीही नव्हे. एका क्षणाची ज्योत दुसऱ्या क्षणाच्या ज्योतीला जन्म देते. एकपण वस्तूत नसते, कार्यकारणाच्या अखंड ओघात असते. बौद्ध विचार या ओघाला संतती म्हणतो.

हा निकष फेवर-ल्युबाला लावला तर फरक स्पष्ट होतो. वडिलांकडून मुलाला मिळालेले, तीनदा सर्व्हिसिंग झालेले, काच आणि पट्टा बदललेले घड्याळ संततीच्या निकषावर तेच आहे, कारण प्रत्येक अवस्थेतून पुढची अवस्था निघाली आहे. याउलट १९६० मधली कंपनी आणि २०१६ मधली कंपनी यांच्यात कारागीर, कारखाना, घराणे, ज्ञान यांपैकी फारसे काही एका हातातून दुसऱ्या हातात गेलेले नाही. गेला तो नाव वापरण्याचा कायदेशीर हक्क. तेथे ज्योत मध्ये विझली होती आणि नंतर त्याच समईत दुसऱ्या काडीने वात लावली गेली. त्यामुळे टायटनच्या काळातल्या घड्याळाने जुन्या घड्याळाशी बेइमानी केली, असे म्हणणे काटेकोर ठरत नाही. ज्या दोघांत नातेच तुटले होते, त्यांपैकी एकाने नाते पाळले नाही अशी ती तक्रार होते.

अद्वैत वेदान्ताचे उत्तर याला समांतर आहे. छांदोग्य उपनिषदातील माती आणि मातीची भांडी या दृष्टांताप्रमाणे विकार हा केवळ नाव आणि रूप आहे, सत्य ती माती. त्या दृष्टीने ३४ मिलिमीटर आणि ४८ मिलिमीटर यांतला वाद नामरूपाचा वाद आहे. पण अद्वैतही व्यवहाराची पातळी नाकारत नाही. मातीच्या गोळ्याने पाणी भरता येत नाही, त्यासाठी घागरीचेच रूप लागते. बारीक मनगटाच्या माणसाला ४८ मिलिमीटरचे घड्याळ घालता येत नाही, ही व्यवहारातली खरी अडचण आहे आणि ती मायेच्या नावाखाली झटकून टाकता येत नाही.

जीर्णोद्धाराचा नियम

रूप कोणी, केव्हा आणि किती बदलावे, याचा सर्वांत व्यवहार्य विचार मूर्ती आणि मंदिरांच्या शास्त्रात सापडतो. अग्निपुराणात जीर्णोद्धारावर स्वतंत्र विवेचन आहे. मूर्ती भंगली किंवा झिजली तर ती विधिपूर्वक काढावी आणि तिच्या जागी त्याच द्रव्याची, त्याच मापाची मूर्ती स्थापावी, असा त्याचा आशय आहे. नव्या मूर्तीने जुन्या मूर्तीचे स्थान घ्यायचे असेल, तर द्रव्य आणि माप यांत कारागिराच्या लहरीला वाव नाही.

पूर्वमीमांसेने हाच विचार यज्ञाच्या संदर्भात प्रतिनिधी या नावाने केला. जैमिनीच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायात त्याची चर्चा आहे. विहित द्रव्य मिळाले नाही तर कर्म थांबवायचे का? नाही, त्याच्याशी सर्वाधिक साम्य असलेले द्रव्य घ्यायचे. सोमवल्ली मिळाली नाही तर पूतिका वापरायची. पण पर्याय निवडायचा तो मूळ उपलब्ध नाही म्हणून, नवे काही करून पाहण्याच्या हौसेने नव्हे. शिवाय सर्वच गोष्टींना पर्याय चालत नाही. देवता, मंत्र आणि प्रत्यक्ष क्रिया यांना प्रतिनिधी नाही. म्हणजे प्रत्येक कर्मात बदलता येणारा भाग आणि न बदलता येणारा भाग असे दोन भाग आधी ठरवावे लागतात.

चांगला घड्याळ दुरुस्तीवाला हे दोन्ही नियम नकळत पाळतो. जुन्या मशीनचा बॅलन्स मोडला तर तो त्याच मॉडेलच्या दुसऱ्या बंद पडलेल्या घड्याळातून बॅलन्स काढतो. तोही नसेल तर जवळच्या मापाचा शोधतो. चावीच्या मशीनच्या जागी सेलचे मशीन बसवणे सोपे आणि स्वस्त असते, पण ते बसवले तर चावी देण्याची क्रियाच संपते, आणि जाणकार गिऱ्हाईक ते मान्य करत नाही. चावीच्या घड्याळात चावी ही क्रिया आहे. तिला प्रतिनिधी नाही.

या कसोटीवर टायटनच्या काळातील घड्याळांचा दोष नेमका सांगता येतो. जुन्या कंपनीचे नाव, जुन्या मॉडेलांची नावे आणि १७३७ हे साल यांच्या आधारे ती बाजारात आली, म्हणजे त्यांनी स्वतःला जीर्णोद्धार म्हणून सादर केले. पण माप आणि रूप यांत त्यांनी नव्या प्रतिष्ठापनेचे स्वातंत्र्य घेतले. दोन्हींपैकी एक निवडले असते तर तक्रारीला जागा उरली नसती.

दोन देवळे आणि एक पार्थिव मूर्ती

हा नियम प्रत्यक्षात कसा वागतो, हे याच परिसरातील दोन शिवमंदिरे दाखवतात. कल्याणच्या पुढे अंबरनाथ येथील मंदिर शिलाहारकालीन आहे. त्यावरील शिलालेख शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा आहे आणि त्यात राजा मुम्मुणीचा उल्लेख येतो. भूमिज शैलीतील हे मंदिर भारतीय पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखाली आहे. त्याचे शिखर अपूर्ण दिसते, शिल्पे झिजली आहेत, तरी कोणी नवे शिखर चढवत नाही आणि शिल्पे नव्याने घडवत नाही. पूजाही चालू आहे. येथे रूप जसे आहे तसे राखणे हाच धर्म मानला आहे.

ठाण्याचे कोपीनेश्वर मंदिर दुसऱ्या टोकाला आहे. तेथील भव्य शिवलिंग प्राचीन मानले जाते. आजच्या मंदिराची उभारणी मात्र मराठी अंमलात, १७६० च्या सुमारास सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी केली. १८७९ मध्ये ठाण्याच्या हिंदू नागरिकांनी वर्गणी जमवून त्याची डागडुजी आणि सुधारणा केली. देऊळ शिलाहार काळातले नाही, म्हणून कोणा भाविकाची श्रद्धा कमी झाली नाही. कारण न बदलणारा भाग कोणता, यावर सर्वांचे एकमत होते: लिंग आणि त्याची पूजा. भिंती, सभामंडप, शिखर हा बदलता येणारा भाग होता. शिवाय बदल करणारे आणि त्यासाठी पैसे देणारे तेथे पूजा करणारेच होते.

घरगुती गणपती हा तिसरा नमुना. पार्थिव मूर्ती दरवर्षी नवी येते आणि विसर्जित होते. द्रव्य टिकवायचे नाही, हेच तिचे तत्त्व. तरीही ठाणे-कल्याणातील अनेक घरांत मूर्ती ठरलेल्या उंचीची, ठरलेल्या बैठकीची आणि ठरलेल्या रंगाच्या पितांबराचीच लागते. घराण्याची पद्धत म्हणून मूर्तिकाराला ते आधीच सांगितले जाते. मूर्तिकाराने मनाने वेगळी मूर्ती घडवली तर घरातली वडीलधारी मंडळी नाराज होतात. सार्वजनिक मंडळाची मूर्ती मात्र दरवर्षी वेगळ्या रूपात आली तरी कोणी हरकत घेत नाही, कारण तेथे नवेपणाची अपेक्षा आधीपासून मान्य असते.

या तिन्ही उदाहरणांतून एक गोष्ट निघते. रूप बदलल्याने अपेक्षाभंग होतोच असे नाही. बदलता येणारे आणि न बदलता येणारे यांबद्दल घडवणारा आणि जपणारा यांच्यात समजूत असेल, तर मोठे बदलही पचतात. समजूत नसेल, तर काही मिलिमीटरही खुपतात.

नव्या रूपाचा अधिकार

जुने रूप धरून राहणे हाच नेहमी धर्म आहे, असा याचा अर्थ नाही. जागतिक घड्याळ उद्योगाचा इतिहास उलट सांगतो. १९७२ मध्ये ऑदमार पिगे या स्विस कंपनीने जेराल्ड जेंटा या रचनाकाराकडून ‘रॉयल ओक’ करून घेतले. अष्टकोनी कड, उघडे दिसणारे स्क्रू, त्या काळाच्या मानाने मोठे ३९ मिलिमीटरचे माप, आणि स्टीलचे असूनही सोन्याच्या घड्याळांशी स्पर्धा करणारी किंमत. पारंपरिक ग्राहक बुचकळ्यात पडले. आज तेच घड्याळ कंपनीची ओळख आहे. २०१९ मध्ये त्याच कंपनीने ‘कोड ११.५९’ ही वेगळी मालिका आणली, तेव्हा ती ‘रॉयल ओक’सारखी नाही म्हणून जोरदार टीका झाली. पाटेक फिलिपच्या १९७६ मधील ‘नॉटिलस’चे आणि ऑक्टोबर २०२४ मधील चौकोनी ‘क्युबिटस’चे नातेही असेच आहे. आज जी परंपरा म्हणून राखली जाते, ती एका पिढीमागे परंपराभंग होती.

पण या कंपन्यांनी नव्या रूपाला नवे नाव दिले. जीर्णोद्धाराच्या परिभाषेत ती नवी प्रतिष्ठापना होती आणि तेथे कारागिराला माप ठरवण्याचे पूर्ण स्वातंत्र्य असते. ऑदमार पिगे १८७५ पासून ल ब्रासू येथे घड्याळे बनवत आहे आणि अजूनही संस्थापकांच्या कुटुंबांच्या हाती आहे, म्हणजे तेथे संततीही खंडित नाही. अशा ठिकाणी चाहत्याची नाराजी रुचीची नाराजी राहते. ती व्यक्त करण्याचा त्याला हक्क आहे. मात्र आपल्यावर अन्याय झाला असे तो म्हणू शकत नाही.

दुसऱ्या बाजूचे उदाहरण भारतातलेच आहे. एचएमटीने जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने १९६१ मध्ये बेंगळुरूला घड्याळांचे उत्पादन सुरू केले. ‘जनता’, ‘पायलट’, ‘कांचन’ ही तिची घड्याळे दोन पिढ्यांनी वापरली, ठाणे-डोंबिवलीच्या नोकरदारांनीही. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या टायटनने क्वार्ट्झ आणि आकर्षक रूप यांवर भर दिला. एचएमटी बदलाच्या वेगात मागे पडली. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय घेतला. त्यानंतर त्याच जुन्या रूपाच्या घड्याळांसाठी लोक शोधाशोध करू लागले. रूप न बदलल्याबद्दल कंपनीची कदर झाली, पण कंपनी संपल्यावर. रूप जपणाऱ्या वस्तूला जपणारे गिऱ्हाईकही लागते, आणि आठवणीत रमणारे सगळेच गिऱ्हाईक नसतात.

अपेक्षाभंगाचे तीन प्रकार

या विवेचनातून अशा अपेक्षाभंगाचे तीन प्रकार वेगळे काढता येतात. पहिला रुचीचा. नवे रूप आवडले नाही, एवढेच त्याचे म्हणणे असते. त्याचे उत्तर सोपे आहे: घेऊ नये. दुसरा आसक्तीचा. यात वस्तूच्या आडून माणूस गेलेल्या काळाची, वडिलांची किंवा स्वतःच्या तारुण्याची मागणी करत असतो. ती कोणतीही कंपनी पुरी करू शकत नाही, आणि गीता व जैन विचार यांनी सांगितलेला आत्मपरीक्षणाचा उपाय येथेच लागू पडतो. तिसरा सत्याचा. जुने नाव आणि जुने साल पुढे करून नवी वस्तू विकली जाते, तेव्हा ‘हे तेच आहे’ असे एक विधान केलेले असते. ते विधान खरे नसेल तर त्याबद्दलची तक्रार रास्त आहे. गिऱ्हाईक आसक्त असले तरी ती रास्तच राहते.

फेवर-ल्युबाच्या मधल्या काळाबद्दलच्या नाराजीत हे तिन्ही प्रकार मिसळलेले आहेत. मोठे घड्याळ आवडले नाही, ही रुची. वडिलांचे घड्याळ परत हवे, ही आसक्ती. पण अडीचशे वर्षांहून जुन्या परंपरेचा वारसा सांगून त्या परंपरेतले माप आणि रूप सोडून दिले, हा आक्षेप तिसऱ्या प्रकारात मोडतो आणि तो टिकतो. २०२४ ची घड्याळे मापाच्या बाबतीत जीर्णोद्धाराच्या नियमाच्या अधिक जवळ आहेत. तुटलेली संतती मात्र त्यांनीही जोडली गेलेली नाही. ती केवळ रूप जुळवून जोडता येत नाही.

म्हणून जुने घड्याळ घरात असलेल्याने नव्या कंपनीकडून त्याचा वारस मागू नये. ते घड्याळ चांगल्या दुरुस्तीवाल्याकडून साफ करून घ्यावे, मूळ तबकडी रंगवू देऊ नये आणि नियमाने चावी द्यावी. नवे घेणाऱ्याने ते नवे म्हणूनच पारखावे. आणि जुने नाव विकत घेणाऱ्या कंपनीने आपण काय राखले आहे आणि काय बदलले आहे, हे स्पष्ट सांगावे. रूप बदलण्याचा अधिकार घडवणाऱ्याला आहे. बदललेल्या रूपाला जुने म्हणण्याचा नाही.